हिराची बया

आमची हिरा रोज सकाळी मशीन उन्हात वाळत घालते. मिरच्या, पापड आणि मशीन, एकाच सुपात. कावळ्याने पळवू नये म्हणून वरून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा.

मशीन म्हणजे हिशेबाचं. तळहाताएवढं, काळं, वरच्या बाजूला काचेची पट्टी. त्याला सेल लागत नाही. तिच्या मुलाने, सुभाषने, ते आणून दिलं तेव्हा सांगितलं होतं, "आई, हे उजेडावर चालतं, उजेड खातं म्हण." हिराने ते मनावर घेतलं. खातं म्हणजे त्याला वेळेवर जेवायला घालायला हवं. म्हणून सकाळी एकदा ऊन, आणि पाहुणे येणार असतील तर दुपारी परत एकदा. एरवी ते एका कापडी पिशवीत असतं आणि पिशवी हिराच्या गळ्यात. पूर्वी त्याच पिशवीत ती मिश्री ठेवायची. अजून मशीनला मिश्रीचा वास येतो.

हिरा माझी धाकटी जाऊ. शहापूरहून डोळखांबकडे जाताना आमचा पाडा लागतो, तिथे एकाच अंगणात आमच्या दोघींची दारं आहेत. दोघींचे नवरे गेले. माझा मुलगा, सून, नातवंडं माझ्याजवळ. तिचा सुभाष कल्याणला नोकरीला, आधी आसनगावहून जाऊन-येऊन करायचा, मग लग्न झालं आणि तिकडेच खोली घेतली. मी चौथी पास आहे. हिरा दुसरीपर्यंत शाळेत गेली आणि त्यातलं एक वर्ष धाकट्या भावाला कडेवर घेऊन गेली, असं ती स्वतःच सांगते.

मशीनला ती 'बया' म्हणते. काहीही विचारा, तिचं उत्तर ठरलेलं: "थांबा, बयेला विचारते."

काहीही म्हणजे काहीही. एकदा तिच्याकडे तिघं पाहुणे आले, मागून दोघं आले. मी माझ्या ओट्यावरून पाहत होते. हिरा आत गेली, बाहेर आली, पिशवीतून बया काढली, उन्हाकडे धरली, तीन दाबले, दोन दाबले, मग आत जाऊन पाच कप चहा घेऊन आली. मी म्हटलं, "हिरे, तुझ्या हाताला बोटं किती?" तर बोटांकडे बघायच्या आधी बयेकडे बघितलं.

तिची कोंबडी अंड्यांवर बसली की एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हिरा तारीख आणि एकवीस बयेत घालते, येईल तो आकडा खुराड्यासमोर धरते आणि कोंबडीला दाखवते. "बघ गो, तोवर उठायचं नाय." एकदा महिना संपून पुढचा लागला हे तिच्या ध्यानात आलं नाही. बयेने चौतीस तारीख सांगितली. कोंबडी आपली वेळेवर उठली. हिरा म्हणाली, "हिनं घाई केली."

मतदार यादीसाठी मास्तर घरोघर फिरत होते. वय विचारलं. हिरा म्हणाली, थांबा. जन्माचं साल तिला माहीत नाही, पण मोठा पूर आला तेव्हा ती पाळण्यात होती असं तिची आई सांगायची. पुराचं साल मास्तरांनीच अंदाजे सांगितलं. हिराने कशातून काय वजा केलं देव जाणे. मास्तरांनी काचेत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "काकी, आकड्यामागं वजा आहे. याच्याप्रमाणं तुम्ही अजून जन्मायच्या आहात."

"लिहा मंग तसंच," हिरा म्हणाली. "बया खोटं बोलत नाय."

आता माझं सांगते. मला तीसपर्यंत पाढे येतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, सगळं पाठ. आमच्या वेळी पाढा चुकला की मास्तर आम्हाला उन्हात उभं करायचे, मशीनला नाही. शहापूरच्या बाजारात दुकानदार कागदावर पेन्सिल टेकवायच्या आत मी उत्तर सांगायची. आता त्याच दुकानात त्याचा मुलगा बसतो, तो दोन वस्तू घेतल्या तरी मशीन पुढे ओढतो. माझा नातू कॉलेजात जातो, त्याला साताठे किती विचारलं तर खिशातला मोबाईल काढतो. मी म्हटलं, मोबाईल हरवला तर? तर म्हणे, आजी, मग मी फोन करून विचारीन. कशावरून करशील बाबा?

तर पाड्यात लग्न निघालं की भाताचा अंदाज सांगायला मला बोलवायचे. हा लहान मान नव्हता. आमच्या लग्नात भात महत्त्वाचा. बुंदी संपली तर चालते, भात संपला तर दहा वर्षं बोलतात. तांदूळ किती काढायचे हे ठरवायला डोकं लागतं. आवतण दोन तऱ्हेचं. 'घरटी एक' म्हणजे घरातला एकच माणूस येणार. 'चूलबंद' म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटायची नाही, म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत सगळे मांडवात. मग घरं गुणिले माणसं, त्यातून वीटभट्टीवर गेलेले वजा, पोरं अर्धी धरायची. एका पायलीत वीस माणसं जेवतात. वऱ्हाड मुरबाडकडचं असेल तर सोळाच धरायची, ते लोक वाढणाऱ्याला नको म्हणत नाहीत. हे सगळं मी बसल्या जागी, डोळे मिटून करायची. मांडवात सगळे गप्प असायचे. मग मी आकडा सांगायची आणि पहिली पायली माझ्याच हाताने मोजली जायची. मोजताना एक म्हणायचं नसतं, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन. मग माझ्या ओटीत नारळ.

नव्वद सालच्या पुढची गोष्ट, सुभाषने ती बया आणली आणि त्या नारळाला पाय फुटले.

पहिल्यांदा आले ते खालच्या आळीचे. माझ्या ओट्यावरून सरळ पुढे गेले आणि हिराच्या दारात उभे राहिले. "काकी, तुमच्याकडं मशीन हाय ना? भाताचा हिशेब करायचा होता." माझ्या हातात त्या वेळी झाडू होता. मी एकच जागा किती वेळ झाडत होते, मला माहीत नाही.

हिरा म्हणाली, "आक्का येत असल तर मी येते. एकटी नाय यायची."

मला वाटलं, ही मला नेते ती मिरवायला. माझ्या तोंडाने आकडा वदवायचा आणि आपल्या मशीनने तो खोडायचा. मी गेले. का नाही जाणार? पाढे माझे होते.

तिथे मी डोळे मिटले, आकडा सांगितला. हिराने बया काढली, दारात उजेडाला गेली, एकेक बटण दाबलं. मांडवातली सगळी माणसं आता माझ्याकडे नाही, तिच्या पाठीकडे पाहत होती. ती वळली आणि म्हणाली, "आक्काचंच बरोबर हाय. बया पण तेच म्हणती."

"मशीनपण तेच म्हणते!" सगळे खूश. माझ्या उत्तरावर कोणी एवढं खूश झालं नव्हतं. जसं काही मी इतकी वर्षं खोटं सांगत होते आणि आज साक्षीदार मिळाला. नारळ कोणाला द्यायचा यावर दोन मिनिटं कुजबुज झाली आणि तो हिराच्या ओटीत गेला. तिने घरी येऊन फोडला आणि अर्धा मला आणून दिला. मी त्याची चटणी केली. तिखट केली.

मला हिराचा हेवा वाटायचा. लपवून काय करू? वाटायचाच. तिचे केस माझ्यापेक्षा काळे, गुडघे बरे, आणि मुलाने आठवणीने वस्तू आणून दिलेली. माझ्या दत्ताने मला काय दिलं? बॅटरी. तीही त्यालाच लागायची म्हणून. पण केसांचं आणि गुडघ्यांचं मला एवढं काही नव्हतं. पाढे पाठ करायला मी उन्हात उभी राहिले होते. हिचे ते पिशवीतून निघत होते.

एकदा पाण्याच्या हंड्यावरून आमचं वाजलं. हंडा कोणाचा यावर भांडण, खरं म्हणजे हंडा हे निमित्त. त्याच आठवड्यात मुरबाडकडून कोणी तरी 'मशीनवाली काकी कुठं राहते' असं मला, मला विचारत आलं होतं. मी पावसाळाभर हिराशी बोलले नाही. त्या पावसाळ्यात ऊन नव्हतं. बयेची काच पुसट पुसट होत गेली. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, हिरा चुलीपाशी बसून तिची समजूत काढायची. "खा गो बया, एवढा तरी उजेड खा." जाळाच्या इतकं जवळ नेलं की पाचाचं बटण वितळलं.

तेव्हापासून पाच लिहायचा असेल तर हिरा चार दाबते, अधिक दाबते, एक दाबते. पंधरा म्हणजे चौदा नि एक. पन्नास म्हणजे एकोणपन्नास नि एक. लग्नाचा हिशेब ती बयेवर मांडायला बसली की माणसं तंबाखू मळून, खाऊन, थुंकून परत येतात तरी ती तिथेच. पण कोणी कंटाळत नाही. मशीन आहे, वेळ लागणारच.

पुढे पुढे ते मशीन बिघडायला लागलं. याचा मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही.

वरच्या आळीत एक लग्न होतं. पलीकडच्या पाड्याला चूलबंद. सोळा घरं, घरटी सात माणसं. मी म्हटलं, "सोळा साते एकशे दोन. पुढं बोला." हिरा दारात बया घेऊन उभी होती. तिने काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत सगळं दाबलं. मग बयेला एक चापट मारली.

"काय झालं काकी?"

"बिघडली. आज ऊन खाल्लं नाय हिनं. आक्का सांगती तेच धरा."

मांडवात दोन मास्तर होते, एक बँकेतला होता, कॉलेजातली चार पोरं होती. सगळ्यांनी एकशे दोन धरलं. मी एकटी डोक्याने चालणारी बाई, असं मला तेव्हा वाटलं, आणि मी मान ताठ करून घरी आले. येताना हिराला म्हटलं, "फेकून दे आता तिला. म्हातारी झाली."

"म्हातारी झाली म्हणून कोन फेकतं का?" हिरा म्हणाली.

त्यानंतर बया दर दोन-तीन लग्नांमागे बिघडायची. मी आकडा सांगितला की चापट. "आक्काचंच धरा." आणि गंमत म्हणजे भात कधी कमी पडला नाही. शेवटच्या पंगतीपर्यंत पुरायचा. फक्त शेवटच्या पंगतीला भातात तांबडी, जाड शितं निघायची. मी गिरणीवाल्याला शिव्या घालायची. कुणाचं तरी दळण-कांडण यात मिसळतो, डोळे फुटलेत त्याचे. एकदा मी गिरणीवर जाऊन त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "आजी, माझ्याकडं तांबडं भात कोण आनत नाय." मी म्हटलं, खोटं बोलतोस.

एवढं होऊन नाव मात्र मशीनवाल्या काकीचंच व्हायचं. बिघडलेल्या मशीनचा मान चालणाऱ्या डोक्याला नाही. माझा जळफळाट व्हायचा.

मग माझ्या नातीचं, मनीषाचं लग्न ठरलं. मुरबाडकडचं स्थळ. मुलगा बरा होता, कमी बोलायचा. लग्न आमच्या दारात. घरात बोलणी चालली होती आणि माझा दत्ता, माझा पोटचा मुलगा, माझ्यासमोर म्हणाला, "भाताचं काकीला विचारू. तिच्याकडं मशीन हाय."

मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"दत्ता, ह्या घरात भाताचा अंदाज कोण सांगतं?"

"तसं नाय गो आई. तू पण सांग. नंतर मशीनवर बघून घेऊ."

"माझ्या नातीच्या मांडवात ते मशीन आलं तर मी हळदीला बसणार नाय. लग्नालाही नाय. जाऊन शेताच्या बांधावर बसेन."

सून म्हणाली, "अवो, राहू दे ना. आईंना सांगू दे." ती चांगली आहे, पण तिच्या आवाजात 'म्हातारीचं मन राखा' असं होतं, ते मला ऐकू आलं.

मी अंगणात जाऊन हिरालाही सांगितलं. ती सूप उन्हात सरकवत होती.

"हिरे, मनीषाच्या लग्नात तुझी बया नको."

"नको तर नको. घरी ठेवीन तिला."

"भात माझा. आकडा माझा."

"तुझाच हाय गो. मी कांदे चिरीन."

एवढं सहज बोलली की मला भांडायला जागाच राहिली नाही.

तांदूळ आमच्या स्वतःच्या शेतातला होता, बारीक, पांढरा. महिनाभर मी रोज दुपारी ओट्यावर बसून तो निवडला. एकेक दाणा माझ्या नजरेखालून गेला. खडा नाही, भाताचं फोल नाही, तुकडा नाही. मुरबाडचे दोघं येऊन माझ्यासमोर बसून वऱ्हाडाचं बोलून गेले. मी हिशेब केला, डोळे मिटून, एकटीने. हळदीच्या सकाळी पहिली पायली मी मोजली. लाभ. मशीनमध्ये लाभ नाही, त्यात सरळ एकच आहे. दोन, तीन, चार. हिरा कांद्यांपाशी बसली होती. गळ्यात पिशवी नव्हती, पण हात सारखा छातीशी जात होता, पिशवी चाचपायला. मला बरं वाटलं.

लग्न लागलं. वऱ्हाड आलं, टेम्पो भरभरून. पंगतीवर पंगत. मुरबाडकर तसेच जेवले जसे ते जेवतात. मध्ये एकदा दत्ता घाबऱ्या तोंडाने मागे चुलाण्याकडे धावला, मग परत आला तेव्हा तोंड ठीक होतं. भात पुरला. वाढपी शेवटपर्यंत "भात, भात" ओरडत फिरत होते, आणि प्रत्येक हाकेला माझी छाती वर होत होती. व्याह्यांनी सगळ्यांसमोर माझ्या ओटीत नारळ घातला. "आजींचा अंदाज म्हंजे अंदाज!" मी हिराला शोधलं, तिने हे ऐकलं की नाही ते बघायला. ती दिसली नाही.

घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात. मीही बसले. मांडीवर नारळ. पत्रावळीवर वाफाळता भात पडला, वर डाळ पडायच्या आत मी त्याच्याकडे पाहिलं.

तांबडी शितं. जाड, पोटावर रेघ असलेली. एक-दोन नव्हेत, प्रत्येक घासात.

मी गिरणीवाल्याला शिवी घालायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हा तांदूळ गिरणीतून आल्यावर महिनाभर माझ्या सुपात होता. यात तांबडा दाणा येणार कुठून?

आमच्या पाड्यात तांबडं भात आता एकाच ठिकाणी पिकतं. हिराच्या खालच्या खाचरात. तिथे पाणी साचतं, दुसरं बी तग धरत नाही, म्हणून तिने सासूच्या वेळचं जुनं बी ठेवलं आहे. गिरणीत नेत नाही, घरीच उखळात कांडते. किती कांडलं तरी रेघ जात नाही.

मी जेवले. टाकलं नाही काही. पण नारळ मांडीवरून खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी उरलेली बुंदी घेऊन मी तिच्याकडे गेले. हिरा नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खात बसली होती. आमच्याकडे दुपारी भाताशिवाय कोणी बसत नाही.

"भात कुठं आहे?"

"नको झाला. कालचं गोड खाऊन तोंड विटलंय."

"गोड खाल्लं म्हणून भात नको?"

"तसं नाय गो..."

मी सरळ आत गेले आणि कणगीवरचं झाकण काढलं. ती "आक्का, आक्का" करत मागे आली. कणगीचा तळ दिसत होता. पुढचं भात यायला सहा महिने होते.

"किती घातलेस?"

तिचा हात पिशवीकडे गेला.

"तिला विचारू नको. तू सांग."

"तीन पायल्या."

"का?"

"मुरबाडचे टेम्पो दोन येयाचे होते. तू एकच धरलास."

"मला कोणी दोन म्हणून सांगितलं नाही."

"तुझ्यासमोरच बोलले ते. तूच मला येऊन सांगितलंस, दोन टेम्पो येणार, अंगणात उभे कुठं करायचे म्हणून. मंग पायल्या मोजल्यास तेव्हा मी घरी येऊन बयेला विचारलं. तीन कमी आल्या. दोनदा विचारलं."

मी कणगीच्या काठावर हात ठेवून उभी राहिले.

"आणि आधीची लग्नं? बया बिघडायची ती?"

"बया कशाला बिघडल?" हिरा म्हणाली. "रोज ऊन खाती."

"सोळा साते किती, विचार तिला."

ती दारात उजेडाला गेली. एक, सहा, गुणिले, सात. पाच नव्हता त्यात, चटकन झालं. माझ्यासमोर काच धरली. एक, एक, दोन.

मी मोठ्याने सोळाचा पाढा म्हटला. पहिल्यापासून. सोळा एके सोळा. तिच्या घरात, मध्येच उभी राहून. सोळा साते एकशे बारा. एकशे दोन हे सतरा सक. शेजारच्या खणातलं उचलून मी इथे ठेवलं होतं, आणि ठेवताना मला जराही खटकलं नव्हतं. ह्याचं मला जास्त वाईट वाटलं. उत्तर चुकणं निराळं, पण ते खटकायला पाहिजे.

मग मला राग आला. राग आला की मला बरं वाटतं.

"तोंड शिवलं होतं का तुझं? दहा माणसं कमी धरली मी, तर सांगायचंस. मशीनला चापट्या मारत बसलीस! आणि घरचा तांदूळ लोकांच्या लग्नात ओतलास. नाचणी खातेस आता."

"नाचणी चांगली असती."

"मी विचारते त्याचं उत्तर दे."

हिराने बया पिशवीत ठेवली, दोरी ओढली. "चारचौघांत तुला चुकली म्हटलं असतं तर तू रुसली असतीस. हंड्यावरून रुसलीस तर अख्खा पावसाळा बोलली नायस. त्या पावसाळ्यात बया मिटलेली नि तू पण मिटलेली. सुभाष दिवाळीला येतो. मंग मी बोलू कोनाशी? हिच्याशी?" तिने पिशवीवर हात आपटला. "ही नुसते आकडे दाखवती. भांडत नाय."

मी म्हटलं, "बुंदी खा. मऊ आहे अजून." आणि बाहेर आले.

संध्याकाळी दत्ताला सांगून आमच्या कणगीतल्या चार पायल्या तिच्याकडे पाठवल्या. तिने एक परत पाठवली. म्हणे, बयेने तीन सांगितल्यात. मी ती पुन्हा पाठवली. हे दोन दिवस चाललं.

पुढच्या लगीनसराईत वरच्या आळीचा शांताराम आला. त्याच्या मुलाचं लग्न. तो अंगणात दोघींच्या दारांच्या बरोबर मध्ये उभा राहिला, कोणाकडे तोंड करावं ते त्याला कळेना. मी ओट्यावर बसले, डोळे मिटले आणि आकडा सांगितला. हिरा सुपाशी गेली, मच्छरदाणी बाजूला केली, बया उचलली. बराच वेळ दाबत होती, पाच बरेच होते. मग तिचा हात वर गेला, चापट मारायला.

मी उठून तिचं मनगट धरलं.

"मारू नको तिला. काय म्हणते ते सांग."

हिराने हात खाली घेतला. "दोन पायल्या जास्त म्हणती."

"शांताराम, दोन जास्त घे."

"मशीनप्रमाणं का आजी?" शांताराम म्हणाला.

"मशीनप्रमाणं."

पहिली पायली मोजायला मात्र मीच गेले. लाभ म्हणायला कोणी तरी पाहिजेच. हिरा मागे उभी राहून एकेक दाबत होती. नारळ तिच्या ओटीत गेला. मला राग आला. अजून येतो. मी चौथीत सगळ्यांच्या आधी पाऊणकी म्हटली होती, आणि नारळ मिश्रीच्या पिशवीला.

त्या लग्नात आम्ही दोघी शेवटच्या पंगतीला शेजारी बसलो. भात आला. पांढरा, मोकळा, पुरेसा. मी बोटाने तो एका बाजूला सारला, मग दुसऱ्या बाजूला. सगळा पांढरा. मधून उकरून पाहिला, तळाचाही पांढरा. वाढपी डाळ घेऊन उभा होता, त्याला थांब म्हटलं.

"काय शोधतीस गो आक्का?" हिराने विचारलं.

"खडा," मी म्हटलं. "खडा आहे का बघते."